आई अज्ञात चालते

माझी पट्टी पिवळी झाली ती रेशन दुकानात. माझ्या पुढच्या बाईनं कार्ड टेकवलं, हिरवं. मी टेकवलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत हिरवा रंग विरत गेला आणि त्या जागी हळदीसारखा पिवळा उमटला. दुकानदार म्हणाला, "काकू, तुमची पडताळणी निघाली."

"निघाली म्हणजे? मी काय पालखी आहे निघायला?"

मागची रांग हसली. मीही हसले. हसण्यावारी जाईल असंच तेव्हा वाटलं होतं.

तुमच्याकडं अजून ही कार्डं आली नसतील तर आधी ते सांगते. कार्ड मतदानाचंच, फक्त खालच्या कडेला बोटभर रुंद पट्टी. त्या पट्टीत शाईचे मणी भरलेले असतात, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. कार्ड यंत्रावर टेकवलं की ते मणी उलटसुलट होतात आणि रंग ठरतो. मग वीज नको, बॅटरी नको, पुढच्या वेळी टेकवेपर्यंत तोच रंग. हिरवी म्हणजे नागरिक. पिवळी म्हणजे शंका आहे. पिवळ्याला मत नाही आणि उमेदवारीही नाही, कायदा एवढंच म्हणतो. पण एकदा माणसाची किंमत कार्डाच्या कडेला दिसायला लागली की कोण सोडतंय? बँकवाले बघायला लागले, दवाखान्यात बघायला लागले, सोयरीक जमवताना पत्रिकेच्या आधी पट्टी बघायला लागले.

रंग ठरवतो तो 'दुवा' नावाचा प्रोग्राम. पूर्वी कागद मागायचे. कागद काय, विकतही मिळतो. म्हणून शास्त्रज्ञ म्हणाले, कागद सोडा, माणसाचा माग बघा. माणूस लस टोचून घेतो, शाळेच्या फोटोत उभा राहतो, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत जेवताना दिसतो, सिमकार्ड घेतो, धान्य उचलतो. दुवा हे सगळे माग ओवून धागा करतो. धागा जन्मापर्यंत अखंड गेला की पट्टी हिरवी. आणि हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, आईचा लेकराशी, भावाचा बहिणीशी. एकावर शंका आली की ती रक्ताच्या जवळच्यांवर चढते. खोटा कागद करता येतो, पण अख्खं खोटं गणगोत उभं करता येत नाही, असा त्यामागचा विचार. विचार वाईट होता असं मी म्हणत नाही. फक्त तो करणारं कुणी आमच्याकडच्या लग्नाला जेवून गेलेलं नसावं.

मी जन्मले वैजयंता नामदेव खराडे. लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि आमच्या ह्यांनी अंगठीनं त्यात लिहिलं, संध्या. का, तर चुलतसासूबाईंचं नाव वैजयंता, एका घरात दोन कशाला. पंगत उठेपर्यंत माझं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव, चारही बदलली होती. मी संध्या बाळासाहेब झांबरे, मुक्काम शिरटेक. आता दुव्याला काय दिसलं असेल? वैजयंता नावाची पोरगी एकोणिसाव्या वर्षी नाहीशी झाली आणि संध्या नावाची बाई एकोणिसाव्या वर्षी आभाळातून पडली. ओळख विकत घेणारे असंच करतात म्हणे. चेहरा जुळवा म्हटलं, तर माझा लहानपणीचा फोटो एकच, सातवीच्या वर्गाचा, त्यात मी मान खाली घातलीय. बाई, वर बघ म्हणून कुणी सांगितलं नाही त्या वेळी.

पुरुषांचं बरं असतं. बारशाला ठेवलेलं नाव चितेपर्यंत टिकतं. महिन्याभरात शिरटेकमधल्या निम्म्या बायका पिवळ्या झाल्या, आणि त्यांचे नवरे हिरवेच राहिले.

तरी माझं काही अडलं नसतं. माझी पिठाची गिरणी. ज्वारीला पट्टी लागत नाही, गव्हालाही लागत नाही. अडलं ते ईश्वरीचं.

ईश्वरी माझी एकुलती एक लेक. बाप चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून आम्ही दोघीच. ती नगरपंचायतीला उभी राहिली होती, आमच्याच वॉर्डातून. आमच्या गल्लीला पाण्याची लाइन नाही, टँकरच्या मागं हंडे घेऊन पळणं हाच इथला व्यायाम. ही पोरगी पाच वर्षं त्या एका गोष्टीच्या मागं होती, घरोघर जाऊन, अधिकाऱ्यांशी भांडून. अर्ज भरला आणि आठवडाभरात माझ्यापायी तिची पट्टी पिवळी झाली. छाननीच्या दिवशी दुपारपर्यंत हिरवी नसेल तर अर्ज बाद.

त्या संध्याकाळी तिनं गिरणीत उभ्या उभ्या फोनवर नियम वाचून दाखवला. "एका पालकाचा धागा पक्का असला की पुरे. दुसरा पालक अज्ञात असल्यास हरकत नाही, संशयित असल्यास मात्र पट्टी हिरवी होणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आई अज्ञात चालते. तू चालत नाहीस. मी तुझ्याशी असलेलं नातं मागं घेतलं तर बाबांच्या धाग्यावर माझी पट्टी हिरवी होईल."

"मग घे की मागं. मी कुठं पळून चाललेय? नावापुरतंच ना ते?"

तिनं फोन पिठाच्या पोत्यावर टाकला. "आईला अज्ञात लिहून मला नगरसेविका व्हायचं नाही. परत बोलू नकोस हे."

पोरीला राग आला की तिचं नाक लाल होतं, बापासारखं. आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला बरंही वाटलं.

दुसरा रस्ता एकच होता, सख्ख्या भावाचा. दोघांनी थुंकीचा एकेक थेंब यंत्राला द्यायचा, रक्त जुळलं की वैजयंता आणि संध्या एकच हे सिद्ध. चुलत, मावस चालत नाहीत, थेंब पातळ पडतो. आईवडील गेलेले. राहिला संपतदादा.

दादा बोरपाटीला द्राक्षबाग करतो. लग्नकार्याला भेटणं, भाऊबीजेला साडी, एवढं आमचं होतं. मी गेले तेव्हा तो ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसला होता. वहिनीनं चहा दिला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

सगळं ऐकून दादा म्हणाला, "थेंब द्यायला काय जातंय गं. पर थेंब दिला की तू सातबाऱ्यावर चढतीस."

मला उलगडा होईना. "मी कशी चढते? आबा गेल्यावर वारस लागले तेव्हाच आपण दोघं लागलो असणार."

दादानं पंपाचा वायसर पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. "तवा मी एकटाच लावला हुता."

"म्हणजे मी नव्हतेच?"

"तू काय कसायला येणार हुतीस का? तलाठी म्हणला, बहीण हाय का? मी म्हणलं, न्हाई."

चहाचा कप मी खाली ठेवला. त्या बागेत मी शाळा बुडवून घड औषधात बुडवलेत, एकेक घड. बोटांची सालपटं निघायची. आणि मी न्हाई. दुव्याला शिव्या घालत मी इथवर आले होते, पण त्या यंत्राच्या आधी माझ्या भावानंच मला पुसलं होतं.

"आता सगळी दप्तरं एकमेकांना जोडलीत," दादा म्हणाला. "रक्त जुळलं की तुझं नाव आपोआप येतंय. म्हणून काय कर, मी थेंब देतो, तू त्याच टेबलावर हक्कसोड बोल. तुला हिरवी, मला बाग. जगात असंच चाललंय सध्या."

खरंच तसंच चाललं होतं. आमच्याकडं बहिणींनी भावासाठी बापाच्या जमिनीतला वाटा सोडून देण्याची रीतच आहे. न सोडणारीचं माहेर तुटतं. पण त्या वर्षी भाऊ एकदम देवाच्या पंक्तीत जाऊन बसले. जिथं बघावं तिथं बहिणी खालमानेनं वाटा सोडत होत्या आणि हिरव्या होऊन घरी जात होत्या. खरं सांगू? मला जमीन कधीच नको होती. दादानं ती मागितली तेव्हापासून हवीशी वाटायला लागली. पण ईश्वरीचं नाक डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणाले, "बोलते."

बोलते म्हटलं तरी बोलणं सोपं नव्हतं. पूर्वी दमदाटी करून हक्कसोड घ्यायचे, म्हणून सरकारनं आवाजाची कसोटी आणली होती. माणूस मनाविरुद्ध बोलला की गळ्यातले बारीक स्नायू आवळतात आणि आवाजाची थरथर बदलते. कानाला कळत नाही, पण यंत्राला कळते. नातं जोडताना, तोडताना, हक्क सोडताना यंत्रासमोर वाक्य म्हणायचं आणि यंत्र सांगणार, स्वेच्छा आढळली की नाही. तीनदा संधी. बायकांच्या भल्यासाठीच काढलेलं हे सगळं.

आणि भल्याची गोष्ट निघाली की क्लास निघतोच. शिरटेकमध्ये डुबल सर पोरांना वक्तृत्व स्पर्धेला तयार करायचे, ते आता बहिणींना तयार करायला लागले. त्यांच्या हॉलमध्ये आम्ही वीसेक जणी सतरंजीवर. सर म्हणायचे, "खुशी गळ्यातून नाही, पोटातून आली पाहिजे. आपल्या आवडीची गोष्ट डोळ्यांसमोर आणा आणि मग वाक्य टाका."

माझ्या शेजारी बसलेली कासाराची मालन म्हणाली, "सर, मला आमच्या म्हशीचं दूध आठवलं की बरं वाटतं."

"चालेल, म्हैस चालेल. म्हणा."

"मी हा हक्क स्वखुशीने सोडते," मालन म्हणाली आणि सरांच्या फोनवर हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ईश्वरी पहिल्यांदा चालली तो दिवस आठवला, गिरणीत पिठावर तिची पावलं उमटली होती. माझाही दिवा हिरवा. सर म्हणाले, "झांबरेबाई, तुम्हाला काळजी नाही."

गर्दी इतकी की केंद्रावर आमचा नंबर लागला तो नेमका छाननीच्या दिवशी सकाळी. बाजार समितीच्या जुन्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आमच्या टेबलाला एक पोरगेलीशी मॅडम होत्या. एका बाजूला दादा, इस्त्रीचा सदरा घालून. दुसऱ्या बाजूला मी, माझ्यामागं ईश्वरी, अर्जाची फाइल छातीशी धरून.

थेंब दिले. मॅडम म्हणाल्या, "बैठक संपेपर्यंत थेंब देणाऱ्याला तो मागे घेता येतो, माहीत आहे ना? मग निकाल पुसला जातो." दादानं मान हलवली. यंत्र जरा वेळ घरघरलं आणि माझी पट्टी हिरवी झाली. मागून ईश्वरीनं माझा खांदा दाबला. तिची अजून पिवळीच होती, बैठक संपल्यावर बदलणार होती.

"आता हक्कसोड," दादा म्हणाला.

मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. वर गट नंबर, खाली वारस. पहिला, संपत नामदेव खराडे. दुसरी, वैजयंता नामदेव खराडे.

तीस वर्षांवर झाली असतील, ते नाव मी कुठं लिहिलेलं बघितलं नव्हतं. मी त्याच्याकडं बघतच राहिले. आबा मला वैजा म्हणायचे. मळ्यातून हाक मारायचे, वैजाऽऽ, आणि मी जिथं असेन तिथून धावायची.

"बोला ताई."

मी ईश्वरीची पावलं आठवली, पीठ आठवलं. "मी हा हक्क स्वखुशीने सोडते."

"स्वेच्छा आढळली नाही," यंत्र म्हणालं.

दादा खुर्चीत पुढं सरकला. मी पाणी प्याले. पुन्हा म्हटलं. आढळली नाही. मागून ईश्वरी हळूच म्हणाली, "आई, राहू दे." मी डोळे मिटले, मालनची म्हैससुद्धा आठवून बघितली. पण डोळे मिटले की ते नाव जास्तच दिसायला लागलं. तिसऱ्यांदा माझ्या कानालाच कळलं की आवाज फाटलाय.

"तिन्ही संधी संपल्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्या पडद्याकडं बघून बोलल्या.

"दादा," मी म्हटलं, "मी तुझ्या बागेत पाय ठेवणार नाही. पाहिजे तर देवाची शपथ घेते. नाव तेवढं राहू दे."

"तुझं खरं गं. उद्या तुझी पोरगी मागंल, तिची पोरं मागतील." त्यानं कपाळ पुसलं. "माझा नाइलाज हाय, वैजू." मग तो यंत्राकडं वळला आणि म्हणाला, "हे नातं मी स्वखुशीने मागे घेतो."

"स्वेच्छा आढळली," यंत्र म्हणालं. "नोंद झाली."

पहिल्याच वेळी. दादा कुठल्या क्लासला गेला नव्हता. तो उठला, सदरा खाली ओढला आणि चालता झाला. माझी पट्टी परत पिवळी झाली. मला रडायला यायला पाहिजे होतं, पण माझं लक्ष घड्याळाकडं होतं. छाननी दुपारची.

"मॅडम," मी म्हटलं, "हिचं माझ्याशी असलेलं नातं इथंच मागं घेता येतं ना?"

"आई!"

"गप. बस इथं."

"मी म्हणणार नाही."

"टँकरच्या मागं किती बायका पळतात रोज? त्यांना काय सांगणार आहेस, माझी आई पिवळी होती म्हणून? पोटच्या पोरीचं पाच वर्षांचं काम माझ्या नावावर बुडालं तर मी कुठल्या तोंडानं गिरणीत बसू? बस म्हणते ना."

ती बसली. माझ्यासाठीच बसली. मान खाली घालून पुटपुटली, "हे नातं मी स्वखुशीने मागे घेते."

"स्वेच्छा आढळली नाही."

आतून मला किती गोड वाटलं म्हणून सांगू. त्या यंत्राचं एवढं एकच वाक्य मला आयुष्यभर पुरलं असतं. पण मी म्हणाले, "पुन्हा. नीट बोल." तिनं पुन्हा म्हटलं, आता रडत. आढळली नाही. मॅडम म्हणाल्या, शेवटची संधी आहे, जबरदस्ती करू नका.

डुबल सरांचं शिकवणं इथं उपयोगाचं नव्हतं. आवडीची गोष्ट आठवून कुणी आईला सोडत नाही. सोडायला लागतो राग, खराखुरा. आणि माझ्या लेकीचा राग कुठं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

ह्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ईश्वरी पाण्याच्या मोर्चासाठी जिल्ह्याला गेली होती. मीच जा म्हटलं होतं, डॉक्टर म्हणाले होते, धोका टळलाय. ती परत यायच्या आत हे गेले. चार वर्षं तो विषय आम्ही घरात काढलेला नव्हता.

"तुला नाही जमायचं," मी म्हणाले. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. "तुला लागतं फक्त मिरवायला. मामावरच गेलीस तू. बाप मरत होता तेव्हाही मोर्चात मिरवत होतीस. शेवटपर्यंत तुझ्या नावानं हाका मारत होता तो. ईश्वरी, ईश्वरी करत गेला. मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते."

तिनं माझ्याकडं बघितलं. नाक लाल, मग सगळा चेहरा पांढरा. मी नजर हलवली नाही.

ती यंत्राकडं वळली. एकेक शब्द सुटा म्हणाली. "हे नातं मी स्वखुशीने मागे घेते."

"स्वेच्छा आढळली. नोंद झाली."

खोटं होतं ते सगळं. हे झोपेत गेले, एक शब्दसुद्धा न बोलता. पण यंत्राचा कान त्या वेळी ईश्वरीकडं होता, माझा आवाज कुणी तपासत नव्हतं.

तिची पट्टी कडेकडेनं हिरवी होत गेली. तिनं कार्ड उचललं, फाइल उचलली आणि मागं न बघता गेली. मी बसून राहिले. मॅडम म्हणाल्या, "काकू, पाणी देऊ?" मी म्हटलं, "नको, पुढच्या बाईला बोलवा, रांग मोठी आहे." आणि मग मात्र मला रडू आवरेना, तिथंच, सगळ्यांसमोर.

ईश्वरी निवडून आली. मला मत नव्हतं, मी गिरणी उघडी ठेवून बसले होते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत होते, मत टाकलंस का, कुणाला टाकलंस. ती तेव्हाच नगरपंचायतीजवळ खोली घेऊन राहायला गेली. गावात म्हणतात, खुर्ची मिळाली आणि लेक उलटली. मालननं एकदा माझ्या बाजूनं दोन शब्द बोलायला सुरुवात केली तर मी तिच्यावरच खेकसले. कारण खरं कळलं तर काय होईल ते मला माहीत आहे. पोरगी तशीच उठून केंद्रावर जाईल, नातं परत जोडते म्हणेल, आणि त्याला तीन संधी लागणार नाहीत. मग पट्टी पिवळी, खुर्ची गेली, गल्लीचं पाणीही गेलं. अजून चार वर्षं तिनं माझ्यावर रागावलेलं असायला पाहिजे. राग काही आपोआप टिकत नाही, त्याला खतपाणी घालावं लागतं. ती समोरून आली की मी तोंड फिरवते.

परवा ती गिरणीत आली. दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. गल्लीत लाइनचे पाइप येऊन पडलेत, ते बघायला आली होती म्हणाली. वाळली होती. जेवतेस का नीट, हे माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही, गेलीही नाही.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "बाबांनी खरंच मला हाका मारल्या होत्या?"

तिला 'नाही' ऐकायचं होतं. डोळ्यांत नुसतं तेवढंच होतं. एक शब्द, आणि माझी लेक माझ्या गळ्यात पडली असती.

मी डब्यातला गहू वर ओतला आणि आधी गिरणी चालू केली, म्हणजे माझा आवाज तिला नीट ऐकू जाणार नाही. मग म्हणाले, "हो. मारल्या."